पांढरा स्वार

त्या वर्षी गवत घोट्याच्या वर आलंच नाही. जुलैत डोंगर पिवळा पडला, ऑगस्टात राखाडी झाला आणि सप्टेंबरात मेंढ्या दगड हुंगत फिरू लागल्या. लोकांनी अर्धी जनावरं विकली. ज्यांचे हातपाय धड होते ते रशियात बांधकामावर गेले. तेर्सबुलाकमध्ये मागे राहिले म्हातारे, बायका, पोरं आणि मी. मी स्वतःला म्हाताऱ्यांत धरत नाही. पण दाढी पांढरी झाली की गाव विचारत बसत नाही, धरून टाकतं.

माझ्या शेजारची उपोल आपा नमदे करते; आपा म्हणजे आजीबाई, आणि नमदे म्हणजे लोकर भिजवून, दाबून केलेल्या जाड सतरंज्या. तिचा मुलगा तालांत त्या एप्रिलातच रशियाला गेला, इमारतींवर छपरं घालायला. त्याची बायको पोर दोन वर्षांची असतानाच वारली होती. म्हणून घरात दोघीच: सत्तरीची आपा आणि दहा वर्षांची नात आयतुर्गान. पहिल्या बर्फाला परत येतो, असं तालांत सांगून गेला होता. तेव्हापासून आयतुर्गान उठल्या उठल्या डोंगराचं टोक बघायची आणि आपा तिला ओरडायची, "बर्फ बघून पडत नसतं गं! पाणी आण!"

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांच्या अंगणात नमद्याचं काम निघालं. दोन दिवस आपानं लोकर विलोच्या काठ्यांनी झोडपली. तिचे खांदे हालत तेव्हा कुडाचं दार उघडल्यासारखा आवाज येई. तिसऱ्या दिवशी लोकर बोरूच्या चटईवर पसरली, उकळतं पाणी ओतलं, चटई गुंडाळून दोरानं आवळली. आता ती दोन तास ओढायची आणि तुडवायची. माणसं कमी म्हणून मला बोलावलं.

"सागिन, आयुष्यभर खुर्चीत बसलास. जरा लाथा मार."

"आपा, मी चाळीस वर्षं राजधानीच्या साप्ताहिकात सरकारला लाथाच मारल्या."

"लागल्या नाहीत कुणाला. इथे जोरात मार."

मी मारल्या. गरम पाणी बुटात शिरलं. माझ्या बाजूला आयतुर्गान दोन्ही पायांनी उड्या मारत होती. धाप लागलेली असतानाच तिनं विषय काढला.

"आपा, मला दोन तुकडे हवेत. एक पांढरा, एक तपकिरी. एवढे."

"कशाला?"

"एजेनी सांगितलंय. फिल्मला."

आपा दोर धरूनच थांबली. नमद्याचा तुकडा मागणं म्हणजे आमच्याकडे कुणाच्या तरी तव्यावरची भाकर मागणं. आपा पांढरा आणि तपकिरी नमदा एकावर एक ठेवते, खडूनं नक्षी काढते आणि सुरी एकदाच फिरवते. पांढऱ्यातून निघालेला तुकडा तपकिरीतल्या भोकात बसतो, तपकिरीतला पांढऱ्यात. दोन सतरंज्या होतात आणि जमिनीवर केसाएवढाही कपटा पडत नाही. भोक उघडं ठेवलेला नमदा मी त्या घरात कधी पाहिला नव्हता.

"फिल्म झाली की दोन्ही परत पाहिजेत," आपा म्हणाली. "वाया घालवायचं नाही. सुरी लावायची तर मला विचारून."

"हो."

"आणि त्या फिल्ममध्ये असतं काय?"

"बाबा घरी येतो."

आपानं दोराला हिसका दिला. मी तोंडावर पडलो.

फिल्मचं हे खूळ नसीकातनं आणलं होतं. आमच्याच गावची पोरगी. राजधानीत आठ वर्षं कार्टूनची चित्रं काढली. ती जागा बंद पडली तेव्हा दोन ट्रंका चित्रांची पुस्तकं घेऊन परत आली. शाळेतली बॉयलरच्या शेजारची खोली तिला मिळाली, कारण तिथे दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. मुलं तिला एजे म्हणायची, म्हणजे ताई. शाळा सुटल्यावर पाच-सहा पोरं तिथे जमायची.

सुरुवातीला तिनं मला विचारलं, "सागिन आबा, मुलांच्या फिल्मला थोडी वाक्यं लिहून द्याल?" व्यंगचित्राखाली वाक्य लिहिणं हाच माझा धंदा होता. मी सतरा वाक्यं दिली. एकेक असं, की जुन्या काळी त्यापायी माणूस आत गेला असता. तिनं ती वाचली, हसली आणि सतराच्या सतरा परत केली.

"छान आहेत आबा. पण यातलं एकही लागत नाही."

मी रागावलो आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तिच्या वर्गात जाऊन बसू लागलो. बॉयलरजवळ ऊब असते.

तिची शिकवण्याची तऱ्हा अशी. चित्रांचं पुस्तक उघडायचं आणि अक्षरांवर कागदाची पट्टी ठेवायची.

"वाचायचं नाही. बघायचं. सांगा काय झालंय."

"कोल्हा भुकेला आहे," एक पोर म्हणे.

"कशावरून?"

"तोंडावरून."

"तोंड सगळेच करतात. पायाकडे बघा. कोण कुणाच्या जवळ उभं आहे? आणि कोण कुणाकडे बघत नाहीये? खोटं बोलताना माणूस तोंड सांभाळतो. डोळे कुठे ठेवायचे ते त्याला सुचत नाही."

आयतुर्गान पट्टी स्वतः धरायची आणि एका पानावर इतका वेळ बसायची की बाकीची ओरडायची, "उलट की गं!"

फिल्म तशीच करायची होती, शब्दांशिवाय. जमिनीवर तपकिरी नमदा पसरला. दुधाच्या दोन कॅनवर फळी टाकली आणि फळीच्या भोकात नसीकातचा फोन पालथा ठेवला. आपानं पांढऱ्या नमद्यातून स्वार कापून दिला होता, घोडा वेगळा. स्वार घोड्यावर ठेवायचा, तांदळाच्या दाण्याएवढा सरकवायचा, फोटो. परत दाणाभर, परत फोटो. एका सेकंदाला आठ. दुपारभर गुडघ्यावर रांगून स्वार वीतभर चालायचा. आयतुर्गानच्या गुडघ्यांना घट्टे पडले. रोजचा तुकडा ती संध्याकाळी नसीकातच्याच फोनवरून बापाला पाठवायची. तालांत उलट बोलून पाठवायचा, मागे हातोड्यांचा आवाज, "अगं, घोडा लंगडतोय! नाल ठोक त्याला!" दुसऱ्या दिवशी ती घोडा नीट चालवायची.

स्वार खिंडीत पोचला तेव्हा ऑक्टोबर निम्मा सरला होता. दार, दारातली म्हातारी आणि पांढरा कुत्रा कापून तयार होते. राहिला होता फक्त शेवट.

सोमवारी सकाळी मामिर्कान माझ्याकडे आला. तो गावचा थोरला, बोलताना छातीवर हात ठेवायची त्याला सवय. त्या दिवशी हात टोपीवर होता.

"तालांत पडला," तो म्हणाला. "काल. सातव्या मजल्यावरून."

"लागलं का?" मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नाही.

"शनिवारी सकाळी आणतायत."

आमच्याकडे मरण सरळ सांगत नाहीत. घरच्या माणसाला एकट्यात तर मुळीच नाही. आधी नातलग जमवायचे, मग ज्याला बोलता येतं अशा माणसानं पुढे होऊन आडून सांगायचं: ससाणा उडाला, चिनार मोडला. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याला धरायचं. तोवर गावानं तोंड शिवायचं. बोलणारा कोण, यावर फार चर्चा झाली नाही. चाळीस वर्षं बोलण्याचे पैसे खाल्लेला माणूस गावात एकच होता.

"पण नातलग तीन खोऱ्यांतून येणार," मी म्हणालो. "आपा विचारेल ना, का आलात म्हणून."

मामिर्काननं थोडा विचार केला आणि त्याचा चेहरा उजळला. त्या उजळण्याची मला आजही लाज वाटते, कारण माझाही उजळला होता.

"फिल्म!" तो म्हणाला. "शुक्रवारी दुपारी शाळेत फिल्म दाखवू. नातीची फिल्म बघायला आलेत म्हणायचं. फिल्म संपली की तू उठ आणि सांग."

ठरलं. मामिर्काननं आपाचा बटणांचा फोन "दुरुस्तीला" नेला. तंबूच्या कामट्या माझ्या कोठीत लपवल्या, कारण मयतासाठी अंगणात नमद्याचा तंबू उभारावा लागतो. मयताच्या जेवणासाठी जो घोडा कापायचा तो माझ्याच दारी बांधला. आपानं कुंपणावरून विचारलं, "सागिन, घोडा घेतलास? बसता येतं का तुला?"

"शिकतोय, आपा."

"पडशील," ती म्हणाली, आणि मला घरात जावं लागलं.

मी नसीकातला सांगितलं. ती फळा पुसत होती, पुसतच राहिली. तालांत आणि ती शाळेत एका बाकावर बसलेले.

"आणि आयतुर्गान?"

"पोरांना कोण सांगतं? मोठ्यांबरोबर कळेल. तू एवढंच कर, शुक्रवारपर्यंत शेवट पुरा करून घे. चांगला कर. बाप घरी येतो, दार उघडतं. म्हातारीला निदान तेवढं बघू दे."

"आबा, तुम्ही मला परत वाक्यं लिहून देताय," ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

तो आठवडा आमचं गाव फार चांगलं वागलं. तसं ते कधीच वागत नाही. शाळेतल्या स्वयंपाकिणीनं आयतुर्गानच्या ताटात मांसाचे दोन तुकडे जास्त टाकले. दुकानदारानं तिला साखरेचा खडा दिला आणि पाठ फिरवून डबे मोजू लागला. जी शेजारीण आपाशी पाण्याच्या पाटावरून तीन वर्षं भांडत होती, ती ताजी नान घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवली आणि पळाली.

"मेलीनं विष घालून आणलीय," आपा म्हणाली, आणि खाल्ली.

बुधवारी मी वर्गात गेलो तेव्हा आयतुर्गान एकटीच होती. पुस्तक उघडं, हाताखाली अक्षरं झाकलेली. मी बॉयलरजवळ बसलो.

"आबा."

"काय गं?"

"तुम्ही माझ्याकडे का बघत नाही?"

"तू बघण्यासारखी कुठे आहेस? नाकाला शेंबूड आहे."

ती हसली नाही. तिनं नाक पुसलं आणि मला नसीकातचा फोन दाखवला. रविवारपासून पाठवलेले तुकडे एकाखाली एक होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकच खूण. दोन खुणा आल्या की पोचलं, हे आमच्या गावातल्या बकऱ्यांनाही ठाऊक आहे.

"तिकडे नेट नसेल," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "सगळे हेच म्हणतात. एजेपण हेच म्हणाल्या. भिंतीकडे बघून."

मी उठलो. घोड्याला गवत घालायचंय असं काहीतरी बोललो. ते खरं होतं, गवत मात्र नव्हतं.

गुरुवारी वर्गाचं दार आतून बंद होतं. बाहेर नसीकात पायरीवर बसलेली.

"एकटीनं करते म्हणाली."

"शेवट काय करतेय?"

"विचारलं नाही."

"अगं, उद्या तीन खोऱ्यांतली माणसं यायचीत!"

"आबा, मी तिला बघायला शिकवलं," नसीकात म्हणाली. "आता तू बघू नकोस, हे कसं सांगू?"

शुक्रवारी दुपारी पाव्हणे आले. गाड्यांतून, घोड्यांवरून, एक जण ट्रॅक्टरवरून. आपाला आधी नवल वाटलं, मग तिनं ट्रंकेतला मखमली कोट काढला. शाळेच्या दाराशी ती उभी राहिली आणि एकेकाला म्हणत राहिली, "एवढ्या लांबून! अरे, पोरीचा खेळ आहे, लग्न नाही. ये, बस. तुझी गाय व्याली का?" माणसं तिचा हात दोन्ही हातांत घेत आणि जरा जास्तच वेळ सोडत नसत. बायकांनी काळे रुमाल पिशव्यांत घडी करून आणले होते.

खिडक्यांना आपाचेच नमदे टांगून खोली काळोखी केली. पुढच्या बाकावर मधोमध आपा, बाजूला मामिर्कान. मी कडेला. माझ्या खिशात कागद होता: ससाणा, चिनार, रिकामं खोगीर. तीन रात्री जागून केलेलं. नसीकातनं भिंतीवर चादर लावली होती आणि फोन शाळेच्या प्रोजेक्टरला जोडला होता.

फिल्म सुरू झाली. तपकिरी डोंगरावर पांढरा स्वार चालू लागला. घोडा आधी लंगडला, मग नीट चालला. लोकांत कुणीतरी हुंदका गिळला आणि खोकल्याचं सोंग केलं. आपा मामिर्कानला कोपर मारून म्हणाली, "स्वार मी कापलाय." डावीकडून स्वार, उजवीकडे दार. दारात म्हातारी. कुत्र्यानं शेपूट हलवलं. आपा मोठ्यानं हसली.

स्वार खिंडीत आला. वरून लोकरीचे पुंजके पडू लागले, बर्फ. स्वार थांबला. बराच वेळ नुसतं बर्फ पडत राहिलं.

मग स्वार नव्हता.

तो होता तिथे भोक होतं. तपकिरी नमद्यात सुरीनं नीट कापलेलं, टोपी, खांदे, लगाम धरलेला हात, सगळं त्याच्याच मापाचं. भोकातून खालची काळी फरशी दिसत होती. बर्फ सगळीकडे साठत गेलं, भोकात साठलं नाही. घोडा तिथून पुढे निघाला, दाणा दाणा सरकत, पाठीवर काही नाही. तो दाराशी येऊन उभा राहिला. कुत्रा त्याच्याभोवती एकदा फिरला आणि खाली बसला. म्हातारीनं दार उघडंच ठेवलं. खिंडीतलं भोक शेवटपर्यंत तसंच दिसत राहिलं. कुणी ते भरलं नाही.

चादर पांढरी झाली.

खोलीत सत्तर माणसं होती आणि बॉयलरचा आवाज येत होता. मामिर्काननं मला डोळ्यानं खुणावलं. माझे पाय उठले, तोंड उठेना.

"नमदे काढा खिडकीवरचे," आपा म्हणाली.

कुणीतरी काढले. ऊन आत आलं. आपा बाकावर बसल्या बसल्या मागे वळली आणि एकेकाकडे बघत गेली. सत्तर माणसं जमिनीकडे बघत होती. पिशवीतून बाहेर आलेलं काळ्या रुमालाचं टोक एका बाईनं आत ढकललं.

मी कागद काढला. "उपोल आपा," मी म्हणालो, "उंच कड्यावरचा ससाणा..."

"बस रे सागिन," ती म्हणाली. "पोरीनं सांगितलं."

मी बसलो.

मग तिनं मामिर्कानला विचारलं, जसं कुणी बसची वेळ विचारावी तसं, "कधी पोचतोय?"

"उद्या. सकाळी."

"मग तंबू अजून उभा का नाही? एवढी माणसं आलीत, चहा कुणी टाकला?"

बायका उठल्या, पण दारापर्यंत कुणाला जाववेना. आयतुर्गान भिंतीशी, फोन मांडला होता त्या फळीजवळ उभी होती. आपा तिच्याजवळ गेली. मला वाटलं जवळ घेईल.

"विचारल्याशिवाय सुरी लावलीस."

"हो."

"सांगितलं होतं ना, वाया घालवायचं नाही?"

"वाया नाही घातलं, आपा." पोरीनं बुटात हात घातला आणि गुडघ्यापाशी खोचलेला पांढरा स्वार काढला. घामानं ओला झाला होता. "हा आहे. ठेवलाय."

आपानं स्वार घेतला. अंगठ्यानं कड चाचपली, लोकर सुटलीय का बघितलं. आणि मग ती उभ्या जागी कलली. तेवढ्यासाठीच तर आम्ही सगळे जमलो होतो, पण आमच्या आधी पोरीनं तिला धरलं.

शनिवारी सकाळी पहिलं बर्फ पडलं. ट्रकच्या मागे मागेच आलं. अंगणात तंबू उभा होता. आम्ही पुरुष बाहेर काठ्यांवर ओणवे होऊन रीतीप्रमाणे मोठ्यानं रडत होतो. तंबूत मयताची पेटी, आणि बायका भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. आपा शोकगीत म्हणत होती. तिचा आवाज लोकर झोडपताना यायचा तसाच येत होता, एका लयीत, खांद्यातून.

मयताबरोबर तालांतच्या टोळीतला एक माणूस आला होता. त्याच्याकडे तालांतचा फोन होता, काच तडकलेला. रशियात आणखी कुणाकुणाला कळवायचं ते नंबर हवे होते, म्हणून त्यानं फोन चार्ज केला, इथलं कार्ड घातलं आणि तंबूच्या दाराशी उभा राहून चालू केला.

फोन वाजला. टिंग.

आपाचा आवाज थांबला.

टिंग. पुन्हा टिंग. तो माणूस घाबरून बटणं दाबू लागला, ते थांबेना. चार. पाच. मग शांत झालं. बर्फ तंबूवर पडताना ऐकू येत होतं.

आयतुर्गाननं मान वळवली नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच ती मांडीवर बोटं मोजत होती.

"पाच," ती म्हणाली. "पोचले सगळे."

"आणि कालचा?" शेजारी बसलेल्या नसीकातनं हळूच विचारलं. "शेवटचा?"

"तो नाही पाठवला, एजे," आयतुर्गान म्हणाली. "त्यात तो नाहीये ना."

आपानं गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं.